नावाआधीचं अक्षर

आमच्या धंद्यात माणसाचं वजन त्याच्या नावावर नसतं, नावाच्या आधी काय लागतं त्यावर असतं. नुसता ‘श्री.’ म्हणजे वर्गणी देणारा. ‘मा. श्री.’ म्हणजे वर्गणी न देणारा, पण ज्याला बोलावल्याशिवाय मांडव शोभत नाही असा. ‘मा. ना.’ म्हणजे मंत्री, आणि त्यांचं अक्षर बाकीच्यांपेक्षा सूतभर तरी मोठं हवं. मिरजेत स्टेशनाजवळ बसून मी आयुष्यभर कोनशिला आणि नामफलक कोरले. शाळेची खोली, समाजमंदिर, पाण्याची टाकी, स्मशानातली शेड, काहीही बांधलं की कुणाच्या तरी शुभहस्ते त्याचं उद्घाटन होतं, आणि ते शुभहस्त माझ्या काळ्याकुट्ट हातांनी दगडावर चढतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दगडावर कोरणं अवघड. कोरणं नाही अवघड, ओळ बसवणं अवघड. दोरा खडूत बुडवून दगडावर आपटायचा, ओळ उमटते. त्या ओळीला शिरोरेषा टांगायची, ब्रशनं अक्षर लिहून घ्यायचं, डोळे किलकिले करून लांबून बघायचं आणि मगच छिन्नी लावायची. काना जवळ आला तर ‘राम’ गुदमरतो, लांब गेला तर पोरका दिसतो. आता हे सगळं मशीन करतं. मशीनचं अक्षर चांगलं असतं, मी नाव ठेवणार नाही. फक्त मशीनशी गिऱ्हाईक भांडत नाही, माझ्याशी भांडायचं.

तासगावकडच्या एका गावात दोन पुढारी होते. पहिलं नाव कुणाचं यावरून बांधकाम पूर्ण होऊनही कुलूप उघडत नव्हतं. मी म्हटलं, गोल फलक करू, नावं कडेनं फिरवू, मग पहिलं कोण आणि शेवटचं कोण हा प्रश्नच उरत नाही. दोघांनी माझी पाठ थोपटली. फलक तयार झाल्यावर दोघंही पाहायला आले आणि घड्याळात जिथं बारा असतात तिथं कुणाचं नाव आलंय यावरून त्यांची जुंपली. शेवटी भिंतीवर लावताना फलक थोडा फिरवला, आणि निवडणुकीत सत्ता बदलल्यावर पुन्हा थोडा फिरवला. तो फलक अजून फिरतोच आहे म्हणतात.

सांगलीकडचे एक शेंगदाण्याचे व्यापारी होते, जैन, मोठे मिश्कील गृहस्थ. धर्मशाळेला खोली बांधून दिली होती. मला म्हणाले, “‘श्री.’ जरा पसरून कोरा. पुढंमागं तिथंच ‘कै.’ बसायला पाहिजे. पोरं नवा दगड करणार नाहीत, मला माहीत आहेत ती.” आम्ही दोघं पोटभर हसलो. नंतर कधी मिरजेला आले की दुकानात डोकावून म्हणायचे, “अजून ‘श्री.’च आहे हो!”

असल्या गोष्टी मी लग्नात, प्रवासात, कुठंही तोंड वर करून सांगतो. या अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हाही याच गोष्टी मनात होत्या. पण लिहायला बसलो आणि ‘कै.’वर आल्यावर हात अडला. हे अक्षर मी शेकडो वेळा कोरलं असेल. एकदा जिथं कोरलं ते मी कुणाला सांगत नाही. सांगताना मान खाली जाते. आज मान खाली घालूनच लिहितो.

रहिमतपूरच्या बाजूला एक आंतरराष्ट्रीय शिल्पकला शिबिर भरलं होतं. परदेशातून आणि आपल्याकडून शिल्पकार आले होते. बंद पडलेल्या एका गुऱ्हाळाच्या आवारात तंबू टाकून ते राहायचे. कल्पना अशी होती की प्रत्येकाला आसपासचं एक गाव द्यायचं, गावानं आपली एखादी विसरलेली जागा दाखवायची, आणि शिल्पकारानं काळ्या दगडातलं काम करून तिथं बसवायचं. मला बोलावलं होतं ते अर्थातच नामफलकासाठी. पाहुणे, देणगीदार, स्वागताध्यक्ष यांची यादी शिल्पांपेक्षा आधी तयार होती.

पहिल्याच बैठकीत एका गावचे निवृत्त सुभेदार उठले. पांढरी मिशी, ताठ पाठ. म्हणाले, “आवं, ध्येनात असली तर ती विसरलेली कशी म्हनायची? आन् विसरलीच असंल तर दाखवायची कशी?” मंडप हसला. पण मग त्यांनीच जागा दाखवली. गावाचा जुना एसटी थांबा. नवा रस्ता बाहेरून गेल्यापासून तिकडं एसटी जात नव्हती. पत्र्याची शेड कोसळली होती, बाभळी माजल्या होत्या, आणि गावानं त्या जागेचा काय उपयोग चालवला होता ते वास सांगत होता.

ते गाव फौजेचं. घराआड एक माणूस लष्करात. सुट्टी संपली की तो ट्रंक घेऊन याच फाट्यावर यायचा आणि घरची माणसं इथवर सोडायला यायची. इथून पुढं जायची नाहीत, तशी रीतच होती. ही जागा मिळाली पोर्तुगालच्या मार्ताबाईंना. पन्नाशीच्या, ठेंगण्या, गुडघ्याला कायम जाड पट्टी बांधलेली. हातात हातोडा आणि नाव मार्ता, त्यामुळं पोरं लांबूनच ‘मारताबाई आली’ म्हणून पळायची. त्यांनी पहिले दोन दिवस छिन्नीला हात लावला नाही, ती जागा साफ केली. आपल्या घाणीत दुसऱ्या देशाची बाई खोरं घेऊन उतरलेली बघून मला कसंतरीच झालं. सुभेदारांनाही झालं असावं, कारण तिसऱ्या दिवशी गावातली माणसं फावडी घेऊन आली.

त्यांनी एक लांबलचक ओटा केला. बसायची बाजू गुळगुळीत आणि जराशी खोलगट, खालची बाजू दगड खाणीतून आला तशीच ओबडधोबड. आणि पुढच्या कडेला त्यांना नावं हवी होती. या थांब्यावरून फौजेत गेलेल्या प्रत्येकाचं नाव. लढाईत पडलेला, पेन्शन घेऊन परत आलेला, आज ड्यूटीवर असलेला, सगळे एका उंचीच्या अक्षरात. नावाआधी हुद्दा नाही, दुसरंही काही नाही. शाळेतल्या शिंदे मॅडम दुभाष्याचं काम करायच्या. त्या म्हणाल्या, “बाई म्हणतात, नावाच्या डोक्यावर टोपी नको.” आमच्याकडं टोपी घालणं म्हणजे फसवणं. सगळे खो खो हसले. मार्ताबाईंना कारण सांगितल्यावर त्याही हसल्या आणि ‘टोपी’ हा शब्द त्यांनी पाठ करून टाकला.

हुद्दा नको म्हटल्यावर सुभेदारांचं तोंड उतरलं. पण त्यांचा धाकटा भाऊ लढाईत गेलेला, साधा शिपाई होता. त्याच्या शेजारी आपलं नाव नुसतंच लागणार, हे त्यांना कुठंतरी आवडलंही. संध्याकाळी मॅडम आणि मी फाट्यावर बसायचो. लोक यायचे, नाव सांगायचे, नावामागची हकीकत सांगायचे, चहा व्हायचा. मला वाटलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी नावासाठी नाव कोरतोय.

फाट्यापासून हाकेच्या अंतरावर एक घर होतं. तिथून एक म्हातारी रोज आमच्याकडं बघत उभी असायची. एके संध्याकाळी ती आली. हौसाक्का. कपाळावर ठसठशीत कुंकू, अंगावर विटलेलं लुगडं. उभ्याउभ्याच म्हणाली, “आमच्या मालकांचं घाला की मिस्तरी.”

“सांगा आक्का, काय नाव?”

“मी कसं घिऊ? सुभेदारास्नी ठावं हाय.”

बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे मला माहीत होतं. मी सुभेदारांकडं पाहिलं. ते खाली बघत होते. 

हकीकत मॅडमनी मला हळू आवाजात सांगितली. हौसाक्काचा नवरा सुट्टी संपवून याच थांब्यावरून गेला आणि पलटणीत पोचलाच नाही. साताऱ्याला एसटीतून उतरलेला लोकांनी पाहिला होता, त्यापुढं काही नाही. लष्करी पोलीस दोनदा येऊन घर उचकून गेले. कागदावर तो भगोडा ठरला. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून हौसाक्का कुंकू लावून राहिली. गावात लग्नकार्य निघालं की तिला हळदीकुंकू लावायचं की नाही हे बायकांना कळेना, म्हणून बोलावणंच बंद झालं. एका अख्ख्या गावाला पळालेल्या माणसाची लाज वाटत होती आणि ती लाज ठेवायला एकच घर सापडलं होतं.

“भगोडा हाय त्यो,” सुभेदार शेवटी म्हणाले. “ज्या दगडावर माझ्या भावाचं नाव, त्या दगडावर भगोड्याचं न्हाई लागायचं.”

हौसाक्का रडली नाही, चिडली नाही. म्हणाली, “त्ये मला काय कळत न्हाई. पर गेले तर हितनंच न्हवं? मी सवता सोडाया आलते. तुमीबी व्हता.”

मार्ताबाई काय चाललंय म्हणून विचारत होत्या. मॅडमनी सगळं सांगितलं. त्यांनी ओट्यावर हात टेकला आणि सुभेदारांना एवढंच विचारलं, तो माणूस इथून गेला की नाही?

“गेला व्हता,” सुभेदार म्हणाले. मग घसा खाकरून माझ्याकडं वळले. “दत्तू. दत्तात्रय यशवंत. घाला. पर माझ्या भावाच्या जवळ नगं.” एवढं बोलून ते उठले आणि मागं न बघता गावाकडं गेले.

मी बाजू घेतली नव्हती, पण आपणच काहीतरी जिंकलोय असं मला त्या रात्री वाटत राहिलं. शेवटच्या टोकाची जागा दत्तात्रयासाठी राखली. मनात ठरवलं, हे नाव सगळ्यांत झोकात कोरायचं.

आणि मग माझ्याच धंद्यानं माझा घात केला. उद्घाटन जवळ आलं तसा समितीनं गुऱ्हाळापाशी लावायच्या ग्रॅनाइटच्या फलकाचा तगादा लावला. त्यावर टोप्याच टोप्या होत्या. मा. ना., मा. आ., अमक्याच्या शुभहस्ते, कै. तमक्यांच्या स्मरणार्थ भोजन, कै. फलाण्यांच्या स्मरणार्थ मंडप. दिवसभर ते कोरायचं आणि ऊन उतरल्यावर फाट्यावर येऊन ओट्याची कड पुरी करायची, असं चाललं होतं. दत्तात्रयाचं नाव मी कुशीवर आडवा होऊन कोरलं, कारण कड तिथं जमिनीला टेकत होती. ब्रशनं लिहिलं, लांब जाऊन डोळे किलकिले करून पाहिलं, आणि छिन्नी लावली.

मला काहीही खटकलं नाही. हीच खरी लाजेची गोष्ट आहे. हाताला सवय होती असं मी स्वतःला सांगितलं, पण डोळे तर माझेच होते. त्या डोळ्यांनी तो माणूस मेलेलाच धरला होता.

उद्घाटनाला अख्खं गाव लोटलं. शाळेची पोरं गणवेशात. माजी सैनिक पदकं लावून. हौसाक्का बायकांच्या पुढच्या रांगेत होती, तिला कुणीतरी आग्रहानं पुढं बसवलं होतं. शिंदे मॅडम माइक हातात धरून ओट्याच्या कडेनं चालत एकेक नाव वाचायला लागल्या. सुभेदारांच्या भावाचं नाव आलं तसं मागून कुणीतरी “अमर रहे” म्हणालं आणि पोरांनी ते उचललं. मग लढाईत गेलेल्या प्रत्येक नावाला पोरं ओरडायला लागली.

मॅडम टोकाला आल्या. वाकल्या. वाचण्याच्या ओघात जे लिहिलं होतं ते त्यांनी वाचलं. “कैलासवासी दत्तात्रय यशवंत.”

पोरांना काय माहीत? कैलासवासी ऐकलं आणि ती सगळ्यांत मोठ्यानं ओरडली, “अमर रहे!”

मॅडमनी तोंडावर हात ठेवला. हौसाक्का शेजारणीला विचारत होती, “काय म्हनली ती? काय म्हनली ग?” शेजारणीनं हौसाक्काचा हात धरला आणि सूर लावून रडायला सुरुवात केली, जसं मयताच्या घरी रडतात तसं. दुसरी आली, तिसरी आली. सुभेदार उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि खाली मान घालून थांबले. हौसाक्का सगळ्यांच्या मधोमध कोरड्या डोळ्यांनी बसून होती.

मी कुठं होतो? स्टेजवर. नेमकं तेव्हाच माझ्या खांद्यावर शाल पडली आणि हातात नारळ आला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात, ते मला त्या दिवशी समजलं. मार्ताबाई ओट्यापाशी गुडघे टेकून बसल्या होत्या. मी गेलो तेव्हा त्यांनी त्या अक्षरावर बोट ठेवलं आणि विचारलं, “टोपी?”

मी होय म्हणालो. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

ती रात्र रहिमतपुरात काढली आणि सकाळी ग्राइंडर घेऊन पुन्हा फाट्यावर गेलो. म्हटलं, कुणी उठायच्या आत काम उरकावं आणि तोंड लपवून मिरजेची गाडी पकडावी. पण हौसाक्काच्या दारात सकाळीच बायकांची गर्दी होती. दुखवट्याला बसायला आल्या होत्या. ओसरीवर सुभेदार होते. तिला ‘वयनी’ म्हणत होते. सांगत होते, “झालं गेलं संपलं. गेलेल्या मान्साला काय कोन भगोडा म्हनत न्हाई. आपन त्याचा दिवस करूया, गाव जेवू घालूया.” बायका सांगत होत्या की कुंकवाचं काय ते उद्या-परवा रीतीनं करू, तोवर राहू दे. जो तो मऊ आवाजात बोलत होता. गावाच्या डोक्यावरचं ओझं मी एका अक्षरात उतरवून दिलं होतं. सुभेदारांनी मला बघून चक्क हात जोडले. म्हणाले, “मिस्तरी, आमास्नी जमलं न्हाई ते तुमी केलं.”

एवढं मेल्याहून मेल्यासारखं मला कधी झालं नव्हतं. मी तसाच आत गेलो आणि तिच्या समोर बसलो. म्हणालो, “आक्का, चूक झाली. माझ्या हातून चुकून लागलं ते. मी काढून देतो.”

“दगडावरचं निघतं व्हय?”

“पुसत नाही. घासावं लागतं. तिथं खळगा पडेल, पण अक्षर जाईल.”

तिनं दाराबाहेरच्या बायकांकडं पाहिलं. “काल धरनं बाया येत्यात,” ती म्हणाली. “ह्या दारात बसाया कवाच कोन आलं न्हवतं. काय म्हनून येनार? सवाशीन म्हनून न्हाई, रांडाव म्हनून न्हाई. काल पयल्यांदा माझा हात धरला कुनीतरी. लय बरं वाटलं मिस्तरी. खोटं कशाला बोलू?”

“मग राहू द्यायचं का?”

बाहेर बायकांची कुजबुज चालली होती. मग ती अगदी खालच्या आवाजात, जणू मला एकट्यालाच सांगावं तसं म्हणाली, “त्यास्नी वाचाया येतंय.”

मला कळलं नाही.

“सातवी झाल्यात ते. आले तर कुनाला तोंड न दावता येतील, पर ह्याच वाटंनं येतील. पयला तुमचा दगुड लागंल. आपल्याच नावाम्होरं त्ये अक्षर वाचलं, तर वाटंल घरच्यांनी पानी सोडलं. घरापत्तुर येनार न्हाईत. तितनंच माघारी जातील.”

माझ्यासमोर बसलेल्या बाईला मी तिच्या गावात पहिल्यांदा जागा मिळवून दिली होती, आणि ती जागा चुकीनं मिळाली होती. चूक ठेवली तर माणूस जातो, दुरुस्त केली तर माणसं जातात. आणि यातलं काय हवं हे मी आता तिलाच विचारत होतो; कोरण्याआधी साधं विचारायचंही मला सुचलं नव्हतं.

“चला,” ती उठली. सुभेदार “वयनी, वयनी” म्हणत राहिले. ती फाट्यावर आली आणि ओट्याच्या त्या टोकाशी जमिनीवर बसली. मी ग्राइंडर चालू केला.

काळा दगड घासला की पांढरी धूळ उडते. आवाज गावापर्यंत जातो. दारातल्या बायका एकेक करून उठून रस्त्यावर आल्या आणि बघत उभ्या राहिल्या. सुभेदारांनी टोपी डोक्यावर घातली आणि आमच्या शेजारून निघून गेले. गावाकडून एक बाई डोक्यावर टोपलं घेऊन येत होती. दुखवट्याच्या घरी चूल पेटू देत नाहीत म्हणून शेजारी भाकरी-पिठलं आणतात, ते ती आणत होती. आमच्यापाशी येऊन ती थांबली. मी काय घासतोय ते तिनं बघितलं, हौसाक्काच्या कपाळाकडं बघितलं, डोक्यावरचं टोपलं सावरलं आणि आल्या वाटेनं वळली.

माझा हात थांबला. ग्राइंडर बंद केला. हौसाक्का त्या बाईच्या पाठीकडं बघत होती, ती वळणाआड जाईपर्यंत. मग पदरानं तिनं दगडावरची धूळ झटकली आणि खाली वाकून पाहिलं.

“थांबू नगा, मिस्तरी,” ती म्हणाली. “त्यो ठिपका ऱ्हायलाय अजून.”